रविवारी परत गेलेली पाटी

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, बाकीच्यांचा नंतर. तसे पाहिले तर प्रकरण पाच दिवसांत उलगडले, कागदोपत्री तपास चांगला झाला, वरिष्ठांनी पाठही थोपटली. पण ते पाचही दिवस एक निरपराध म्हातारा माझ्या कोठडीत होता आणि त्याला तिथे मीच बसवला होता. नावे कोणाचीच घेणार नाही. वाडी लहान आहे, माणसे हयात आहेत आणि अजून एकमेकांच्या दारावरून जातात-येतात.

मी मूळचा घाटावरचा. नोकरीची शेवटची काही वर्षे उरली असताना सिंधुदुर्गात बदली झाली. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. वर सह्याद्रीचे राखीव जंगल, खाली भाताची शेते, मधल्या उतारावर काजू आणि आंबा. गुन्हे म्हणाल तर बांधावरची भांडणे, गोव्याची दारू आणि महामार्गावरचे अपघात. घाटावरच्या धामधुमीतून आलेल्या मला ही बदली म्हणजे पेन्शनीची रंगीत तालीम वाटली होती. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध येतो. मी जन्मापासून शाकाहारी. सिंधुदुर्गात शाकाहारी पोलीस अधिकारी म्हणजे लोकांच्या दृष्टीने दया येण्यासारखीच गोष्ट.

एप्रिल महिना होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. शेतीच्या संरक्षणासाठी इकडे पुष्कळ शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुकांचे परवाने असतात. नळीत वरून दारू आणि छर्रे भरून काठीने ठासायचे, असली जुनी बंदूक. आचारसंहितेच्या काळात त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमच्या ठाण्यातली एक खोली त्या बंदुकांनी भरली होती, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. यादीतली एकच बंदूक आली नव्हती.

तिचा मालक सत्तरीचा म्हातारा. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन बांद्याकडे गेलेली. जंगलाला लागून त्याची काजूची बाग होती आणि वर्षाचे पीक तेवढेच. पहिली नोटीस मिळाल्यावर तो स्वतः ठाण्यात आला. बंदूक न घेताच आला.

"साहेब, तुमची निवडणूक म्हयनाभर. माझी काजी पण म्हयनाभरच. वांदरांका आचारसंहिता कोण सांगतलो?"

ठाण्यातली पोरे हसली. मला मात्र तिडीक आली. मी दुसरी नोटीस काढली आणि त्याच्या नावापुढे मनात लाल खूण केली.

नंतरच्या शनिवारी सकाळी साडेनऊला ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. म्हाताऱ्याच्याच वाडीतल्या एका काजू बागायतदाराला मांडीत गोळी लागली होती. पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप. मी पोचलो तेव्हा तो बेशुद्ध होता आणि त्याला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात हलवायची तयारी चालली होती. डॉक्टर घाईत होते. एवढेच म्हणाले, "छर्रे नाहीत. एकच गोळी, आरपार. रक्त फार गेलंय."

त्याला घेऊन आलेल्यांत एक चाळिशीचा गडी पुढे होता. त्याचा धंदा पाहुण्यांना रानावनात फिरवण्याचा. पावसाळ्यानंतर शहरातले हौशी लोक गळ टाकायला येत, त्यांना तो नदीतल्या कोंडीवर, म्हणजे डोहावर, घेऊन जाई. घरीच उतरवी, घरचे जेवण घाली. त्याला आपण वाटाड्या म्हणू. जखमीला रानातून रस्त्यापर्यंत त्यानेच खांद्यावर आणले होते. शर्ट रक्ताने भिजलेला आणि हुंदके देऊन रडत होता. इतक्या कळवळ्याचा शेजारी घाटावर मिळायचा नाही, असे मला वाटले.

दुपारी मी वाडीत गेलो. दहा-बारा घरे. पुरुषमंडळींना एका अंगणात बसवून जबाब घेतले. जखमी माणूस सकाळी काजू गोळा करायला गेला होता. त्याची बाग आणि म्हाताऱ्याची बाग यांच्यामध्ये एक बांध आणि त्या बांधावरून जुना वाद. आमच्या दप्तरात दोघांची अदखलपात्र नोंदही होती. तिच्यात म्हाताऱ्याचे शब्द होते: "एक दिवस बार घालतलंय."

"शिकारीला कोणी गेलं होतं का?" मी विचारले.

"नाय साहेब. बंदुका सगळ्ये तुमच्याकडेच जमा आसत."

खरेच होते. माझ्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात होती. मी प्रत्येकाला पुढचा प्रश्न केला, "मग आवाज त्या म्हाताऱ्याच्या बागेकडूनच आला ना?" माणसे एकमेकांकडे बघत आणि म्हणत, "होय साहेब. तेच्याच बाजून."

संध्याकाळपर्यंत म्हातारा ठाण्यात होता. बंदुकीच्या नळीला दारूचा ताजा वास येत होता. रोज सकाळी वानरे पळवायला तो नुसता दारूचा बार काढतो, हे मला ठाऊक होते. पण जमा न केलेली बंदूक, जुने वैर, धमकीची नोंद आणि आठ जणांचे जबाब! मी त्याला समोर उभा केला आणि विचारले, "का मारलंस त्याला?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. चिडला नाही, रडला नाही. मग नजर खाली घातली आणि गप्प राहिला. मी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावून मोकळा झालो. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद केली. वरिष्ठांचा फोन आला, "दिवसाच्या आत आरोपी. छान." सत्तरीच्या माणसाला या कलमाखाली शिक्षा झाली तर तो तुरुंगातून जिवंत परत येत नाही, हे मला कळत होते. कळूनही मी काही वेगळे केले नाही.

रविवारी न्यायाधीशांनी गुरुवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. कोठडीत म्हातारा त्रास देत नव्हता. दिलेले जेवण निम्मे खाई, ताटली स्वतः धुऊन ठेवी. घटनेबद्दल विचारले की तोंड मिटलेले. एकच गोष्ट तो दिवसातून दोन-तीनदा पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगे, "काजी पडतत रे." पिकलेले बोंड गळून पडले की त्याच दिवशी बी वेचावी लागते. नाही वेचली तर वानरे, साळिंदर आणि येणारे-जाणारे कोणाला काही शिल्लक ठेवत नाहीत. त्याचे वर्षाचे पीक बागेत गळत होते आणि तो आत बसला होता.

माझा हवालदार किनाऱ्यावरचा, वीसेक वर्षे या जिल्ह्यात नोकरी केलेला. सोमवारी तो कागद लावता लावता म्हणाला, "साहेब, ठासणीच्या बाराने मांडी आरपार जाईल का? डॉक्टर म्हणतात छर्रे नव्हते." मी म्हणालो, "डुकरासाठी शिशाची गोळी भरतात ना कधी कधी? तीच भरली असेल." तो "हो, भरतात" म्हणाला आणि पुन्हा कागद लावू लागला. हवालदार शंका काढतो तेव्हा साहेबाने थोडे थांबावे. मी थांबलो नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात एक कोळीण शिरली. जामसंड्याकडची, पन्नाशी ओलांडलेली. पहाटे बंदरावर मासे घ्यायचे, टेम्पोने वर यायचे आणि वाड्या-वाड्यांत पायी विकायचे, हा तिचा नेम. निवडणुकीसाठी महामार्गाच्या तिठ्यावर आमची नाकाबंदी होती आणि तिथल्या शिपायांनी तिची माशांची पाटी उपसली होती.

"साहेब, ह्या तुमच्या पोरांका सांगून ठेवा," ती दारातूनच सुरू झाली. "माझ्या बांगड्यांखाली गोव्याची बाटली आसतली म्हणान हात घालतत! हात तरी धुतल्यात काय रे? आयतवारी अर्धी पाटी परत नेलंय. आज धंदो होयत म्हणान इलंय, तर ह्यो तरास!"

मी तिची समजूत काढायला तोंड उघडले, तेवढ्यात हवालदार खुर्चीतून उठला.

"आयतवारी पाटी परत? खयच्या वाडयेतसून गो मावशी?"

तिने वाडीचे नाव सांगितले. तीच वाडी.

"दर आयतवारी मी जावच्या आधी ताटां घेवन उभी रवतत," ती म्हणाली. "ह्या आयतवारी एकान पण बांगडो उचलूक नाय. ज्येच्या दारात जाय तो म्हणता, आज नको गो. एकटे म्हातारेन चार बांगडे घेतल्यान. ता पण माका मागीलदारी बोलवन, हळूच."

हवालदाराच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने तिला बाकावर बसवले, चहा सांगितला आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

"साहेब, काहीतरी गडबड आहे."

"मासे घेतले नाहीत यात कसली गडबड?" मी म्हणालो. "वाडीतला माणूस इस्पितळात आहे. सुतकासारखंच झालं."

"सुतक मेल्यावर, साहेब. तो जिवंत आहे." मग त्याने मला लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. "आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार लोक पाळतात. शनिवारी पाळलं की रविवारी मासे हवेतच. रविवारी कोणी नको म्हणालं तर समजायचं, घरात माशांहून चांगलं काहीतरी शिजतंय. एका घरात कोंबडी असेल. पण सगळ्या वाडीत एकाच दिवशी शिजतं ते फक्त वाट्याचं."

वाट्याचे म्हणजे शिकारीचे. पूर्वापार चाल अशी, की रानात जनावर पडले की पहिला वाटा गावाच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, आणि मग वाडीतल्या प्रत्येक घराला सारखा. माणूस शिकारीला गेलेला असो वा नसो, विधवेच्या घरीसुद्धा. मी आयुष्यभर मटणाच्या वासापासून लांब बसलो होतो. वाडीच्या चुली मला काही सांगू शकतात, हे मला कुठून सुचणार?

"पण बंदुका तर आपल्याकडे जमा आहेत," मी म्हणालो.

"वाडीच्या आहेत, साहेब."

आम्ही दोघांनी एकदमच नाकाबंदीची नोंदवही मागवली. शुक्रवारी संध्याकाळची नोंद स्वच्छ अक्षरात होती: शहरातली मोटार, पाहुणे दोन, जाणार वाटाड्याच्या घरी, सोबत मासे धरण्याच्या काठ्यांच्या नळ्या तीन. माणसे दोन आणि नळ्या तीन. मी त्या शिपायाला बोलावून विचारले, नळ्या किती उघडल्यास? त्याचा चेहरा पडला. "एक, साहेब. काठीच होती आत."

हवालदार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आणि एप्रिलात कोंडीत गुडघाभर पाणी असतं. हे गळ टाकणार होते कुठे?" वाटाड्याच्या घरी शनिवारी पाहुणे होते की नव्हते, हे मी वाडीत कोणाला विचारलेही नव्हते.

चार बांगडे घेणारी म्हातारी कोण, याची चौकशी केली. ती वाटाड्याची आई निघाली.

दुपारी आम्ही साध्या कपड्यांत गेलो. वाटाड्या बाहेर गेला होता. म्हातारी त्याच घराच्या मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहायची. आम्हाला पाहून तिने पदर सावरला आणि हात मागे घेतले. तिच्या बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग होते. त्या घराला काजूचे एकही झाड नव्हते, पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

"आजी," मी म्हणालो, "रविवारी तुम्ही बांगडे का घेतलेत?"

"आयतवार होतो म्हणान."

हवालदार उंबऱ्यावर बसला आणि तिच्या बोलीत हळूच म्हणाला, "आजये, वाटो तुमका पण इलो आसतलो मगे?"

तिने चुलीकडे मान वळवली. आतल्या चुलीवर काहीतरी रटरटत होते. मग तिने आमच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

"इलो. झिलानच हाडल्यान, पानात बांधून. आयतवारी सकाळी कापूक बसलंय. विळयेक कायतरी कच्च करून लागला. हाड म्हणान बघूक गेलंय, तर ह्या."

ती उठली. देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यातून तिने एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा, वाकडातिकडा, लालसर. तांबे होते. ठासणीच्या बंदुकीत शिसे असते, तांबे नसते. तांब्याचे कवच असते ते रायफलीच्या गोळीला.

"आदल्या दिवशी तेका खांद्यार घालून हाडल्यानी," ती म्हणाली. "मांडयेतसून रगत भळाभळा वाहत होता. ह्या हातात घेतलंय आणि माका दोन्ही रगत एकच दिसाक लागला. ता मांस माझ्या गळ्याखाली उतरला नसता. थय केळीच्या बुडाक पुरलंय आणि कोळणीक हाक मारलंय."

"मग हे आम्हाला का नाही सांगितलं?" माझा आवाज नको तेवढा चढला.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "माका कोण इचारूक इलो? तुम्ही पुरुषांका अंगणात बसवून इचारलास आणि गेलास." मग तिने पदर डोळ्यांना लावला. "आणि झील माझो आसा, साहेब. आवशीन आपणहून येवन सांगूचा काय?"

ती डोळे पुसून म्हणाली, "तेका मारू नकात. तो वायट नाय, भितो आसा. आणि त्या म्हाताऱ्याक सोडा. वीस वर्सा तेचा माझा बोलणा नाय. पण तो माणसार बार घालणारो नाय."

पंच बोलावले. केळीच्या बुडाशी खणून पानात गुंडाळलेले मांस काढले, पंचनामा केला, वनखात्याला कळवले. त्यांच्या माणसाने मांसाला चिकटलेले केस पाहिले आणि सांबर असल्याचे सांगितले. पक्का अहवाल नंतर आला. उन्हे कलायच्या आत वाटाड्या ठाण्यात माझ्यासमोर होता.

चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. मीही कधीकधी केला आहे. त्या दिवशी मी फक्त तो तांब्याचा तुकडा कागदावर ठेवला आणि कागद त्याच्याकडे सरकवला. तो आधी तुकड्याकडे आणि मग दाराकडे बघत राहिला.

"आवशीन दिल्यान?"

"हो."

तो खुर्चीतून खाली जमिनीवर बसला आणि तोंड झाकून रडला. रुग्णालयात रडला होता तसाच. तेव्हाचे रडणेही खोटे नव्हते, हे मला आता कळले.

मग त्याने सगळे सांगितले. पाहुणे दरवर्षी गळ टाकायला येत. यंदा एकाला सांबराची हौस आली. रायफल त्याची, त्याच्या शहरातल्या परवान्याची. काठीच्या नळीत घालून आणली. शनिवारी सकाळी वाडीतल्या सहा-सात जणांनी रानात हाका घातला, म्हणजे ओरडत, डबे वाजवत जनावर बंदुकीच्या दिशेने हाकलले. सांबर उतारावरून आले. पाहुण्याने पहिली गोळी मारली, ती लागली. जनावर पडताना पाहून त्याला चेव आला आणि त्याने हलणाऱ्या झुडपावर दुसरी झाडली. झुडपामागे वाटाड्याचा शेजारी वाकून काजू वेचत होता. पाहुणे तिथूनच मोटारीकडे पळाले. वाटाड्याने शेजाऱ्याला खांद्यावर घातले.

"आणि मग परत जाऊन तुम्ही त्या सांबराचे वाटे घातलेत?" मी विचारले. "माणूस तिकडे मरतोय आणि तुम्ही मांस वाटताय? तिथेच टाकून आला असतात तर मला कधी कळलंही नसतं."

"जनावर पडला, साहेब. वाटो घालूक नाय तर राखणदार सोडता काय?" तो अगदी खरेपणाने म्हणाला. "आधीच एक वायट घडला होता. आणखी एक नको म्हणान आमी पयलो वाटो राखणदाराक ठेवलो, मगे घराघरात दिलो."

माझा तोल गेला. "आणि त्या म्हाताऱ्याला आत घालवलंत, ते राखणदाराला चाललं?"

त्याने मान वर केली. "आमी तेचा नाव घेवक नाय, साहेब. शिकार नाय म्हटला, ता खोटा बोललो. पण तेचा नाव तुम्ही घेतलास. तेच्याच बाजून ना, म्हणान इचारलास. आमी होय म्हटला."

मी फाइल उघडली. आठही जबाब वाचले. आठांतही एकच वाक्य होते: "आवाज त्याच्याच बागेकडून आला." ते मालवणी माणसाचे वाक्य नव्हते. ते माझे होते, माझ्या प्रमाण मराठीत, आठ वेगवेगळ्या सह्यांच्या वर. खोटे ते बोलले, यात शंका नाही. पण खोट्याचा साचा मी घरून तयार करून नेला होता. मला लाज वाटली आणि ती मी हवालदारापासून लपवू शकलो नाही.

पुढचे काम यंत्रासारखे झाले. पाहुणे त्यांच्या शहरात रायफलीसकट सापडले. तुकडा आणि रायफल तज्ज्ञांकडे गेली आणि मेळ बसला. वाटाड्या आणि हाका घालणाऱ्यांवर शिकारीचे आणि पुरावा लपवल्याचे गुन्हे लागले. जखमी माणूस वाचला. पाय राहिला, पण चालताना तो ओढतो. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितले, की कोणी मारले ते आपण पाहिलेच नाही. म्हाताऱ्याचे नाव त्यानेही घेतले नव्हते.

गुरुवारी मी न्यायालयात अहवाल दिला आणि म्हाताऱ्याची सुटका झाली. बंदूक जमा न केल्याचा किरकोळ खटला तेवढा राहिला. त्याला घरी सोडायला मी स्वतः गेलो. रीतसर पाहता शिपाई पाठवला असता तरी चालले असते. गाडीत तो माझ्या शेजारी बसला होता. मी माफी मागायचे शब्द जुळवत होतो आणि ते जुळत नव्हते. वाडीचे वळण आले तेव्हा तो प्रथमच बोलला.

"पाच दिस झाले. वांदरांनी काय ठेवल्यानी नसात."

त्याच्या अंगणाचे कवाड ढकलले आणि आम्ही दोघे थांबलो. ओट्यावर काजूबियांचा ढीग होता. नीट वेचलेल्या, बोंडे पिळून वेगळ्या केलेल्या, सुकायला पसरून वर गोणपाट घातलेल्या. रोजच्या रोज कोणीतरी वेचल्या होत्या, कारण खालच्या सुकल्या होत्या आणि वरच्या अजून ओल्या होत्या. म्हातारा खाली बसला आणि त्याने मूठभर बिया उचलून पाहिल्या.

"कोणी केल्यान ह्या?"

म्हातारीच्या बोटांवरचे काळे डाग मला तेव्हा आठवले. मी सांगितले. तो शेजारच्या घराच्या मागच्या पडवीकडे बघत राहिला. त्या घरातला मुलगा आता माझ्या कोठडीत होता, त्याच जागेवर.

मी शेवटी कसेबसे म्हणालो, "माझी चूक झाली. पण तुम्ही एकदा तरी तोंड उघडायचं होतंत. मी मारलं नाही, एवढं म्हणायचं होतंत."

त्याने हातातल्या बिया ढिगावर परत ठेवल्या. रागाने बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

"तुम्ही इचारूक खय, साहेब? पयल्याच दिवशी तुम्ही माका इचारलास, का मारलंस. मारलंस की नाय, ह्या कोणीच इचारूक नाय. ज्येचा ठरलेला आसा, तेका काय सांगूचा?"

निवृत्त झाल्यावर मी याच जिल्ह्यात राहिलो. ओळखीचे नवे अधिकारी कधी भेटायला येतात आणि तपासाबद्दल विचारतात. मी त्यांना शास्त्र सांगत नाही, कलमे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. एवढेच सांगतो, की घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय वाडीतून उठू नका आणि आपल्या प्रश्नात कोणाचे नाव घालू नका. ते मान हलवतात, चहा पितात आणि जातात. त्यांना कितपत पटते कोण जाणे.

मला स्वतःला मात्र ते अंगण विसरता येत नाही. वीस वर्षांचे अबोल वैर असलेली बाई रोज उन्हात वाकून त्या माणसाच्या बिया वेचत होती, कारण त्याने हे केले नाही अशी तिची खात्री होती. तिने ना पंचनामा केला होता, ना कोणाचा जबाब घेतला होता. आणि माझ्यासमोर तो माणूस पाच दिवस उत्तर घेऊन बसला होता. उत्तर एका शब्दाचे होते. मी प्रश्नच विचारला नव्हता.